दोन राज्यांची एक आगगाडी, पैसे कोण देतं?

प्रश्न: नमस्कार दादा, जूनमध्ये लेकीकडे डेन्व्हरला गेलो होतो, तेव्हा जावयांनी कंब्रेस अँड टोल्टेक नावाच्या जुन्या वाफेच्या गाडीत बसवलं. गाइड म्हणाला ही गाडी कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको अशा दोन राज्यांची मिळून आहे. आमच्या चाळीत सामायिक नळाचा वॉशर गेला तरी सहा बिऱ्हाडांचं तीन महिने एकमत होत नाही, मग ह्यांना सरकारी पैसे मिळतात तरी कसे? आपल्या माथेरानच्या गाडीला असं काही करता येईल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: ताई, नळाचं उदाहरण अगदी फिट बसतं. ही लाइन १८८० ची, रेल्वे कंपनीला नकोशी झाली तेव्हा १९७० ला दोन्ही राज्यांनी साधारण साडेपाच लाख डॉलरला रूळ, नऊ इंजिनं, न्यू मेक्सिकोतल्या चामा गावचं यार्ड असं सगळं मिळून घेतलं. तुम्ही ज्या १०३ किलोमीटरवरून गेलात त्यात राज्याची हद्द ११ वेळा ओलांडली जाते, त्यामुळे तुझं किती माझं किती हे मोजत बसण्यात काही अर्थच नव्हता. मग रीतसर करार केला, १९७४ ला अमेरिकेच्या संसदेनं त्याला मंजुरी दिली, आणि चार जणांचा आयोग नेमला, दोघं ह्यांचे दोघं त्यांचे.

खरी मेहनत जानेवारीत, अधिवेशनं सुरू होतात तेव्हा. आयोगाला डेन्व्हर आणि सांता फे ह्या दोन राजधान्यांतल्या दोन विधिमंडळांपुढे हात पसरायचा असतो, आणि न्यू मेक्सिकोचं अधिवेशन सम वर्षी फक्त ३० दिवसांचं, विषम वर्षी ६०, त्यामुळे चुकलात तर वर्ष गेलं. शिवाय एकाने हात आखडला की दुसरा म्हणणारच, मग मीच का देऊ? तिकिटांच्या पैशात रोजची गाडी निघेल हो, पण रूळ, पूल आणि बॉयलर? तिकडचा नियम असा की इंजिन १४७२ दिवस चाललं किंवा १५ वर्षं झाली, जे आधी होईल तेव्हा, बॉयलर पूर्ण खोलून तपासायचा. हा खर्च पर्यटकांच्या तिकिटावर टाकला तर कुणी बसणारच नाही. स्वयंसेवक डबे रंगवतात, दुरुस्त करतात, ते फुकटचं काम मला वाटतं आमदारांपुढे सगळ्यात भारी पडत असेल, कारण लोकांनी आधी घाम गाळला की पैसे नाही म्हणायला जड जातं.

माथेरानचं वेगळं आहे. १९०७ पासूनची ती गाडी आज एकट्या मध्य रेल्वेची, म्हणजे केंद्राच्या खिशातली, तेव्हा आमदाराला पत्र लिहिण्यापेक्षा खासदाराला लिहा. भागीदारी बघायचीच तर आपल्या लोकलचं काम बघणारी एमआरव्हीसी, म्हणजे मुंबई रेल्वे विकास महामंडळ घ्या, १९९९ ची, रेल्वे मंत्रालय ५१ टक्के आणि महाराष्ट्र ४९ टक्के. कुणाचा वाटा किती ते टक्के आधीच लिहून ठेवले होते ना.

नळाचं काय झालं ते मात्र नक्की कळवा, वॉशर काही फार महाग नसतो.