पाणी किती फुटांवर आहे?

गावभाग, सांगली

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आलेला. मी तो सकाळी वाचला. इन्स्टाग्राम तिसऱ्यांदा काढून टाकलं आणि चौथ्या दिवशी परत घेतलं, 'माझ्यात जिद्दच नाही मॅडम' असं तू लिहिलंस. आणि खाली विचारलंस, साधा बटणांचा फोन घेऊ का? मेसेजवर उत्तर दिलं असतं तर चार ओळींत उरकलं असतं, म्हणून सावकाश पत्र लिहायला बसले.

आटपाडीला वडिलांबरोबर डाळिंबाच्या बागेत राबून बारावीचा अभ्यास केलेल्या मुलीला जिद्द म्हणजे काय हे मी काय सांगू? तो विषय आपण इथेच बंद करू. पूर्वी वेबसाइटवरचं पान संपायचं. पुढचं पान हवं असेल तर बटण दाबावं लागायचं आणि तेवढ्यात माणूस भानावर यायचा. २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या डिझायनरने पान संपणारच नाही अशी रचना केली. पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला, तसं त्याने जाहीरपणे सांगितलं. २००९ मध्ये फेसबुकवर लाइकचं बटण आलं. २०२० मध्ये आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली आणि दहा दिवसांत रील्स हजर झाले. पुढचं रील हसवणार की कंटाळा आणणार, हे आधी कळत नाही आणि त्याच आशेवर अंगठा फिरत राहतो. हुशार माणसांनी पगार घेऊन, वर्षानुवर्षं खपून हे घडवलंय. रात्री एक वाजता दमलेल्या मुलीने त्याच्याशी एकटीने झुंजायचं आणि हरली की स्वतःलाच बोल लावायचा, हे मला मुळीच मान्य नाही.

साधा फोन मात्र घेऊ नकोस. परीक्षेचे फॉर्म, इंटर्नलच्या तारखा, सगळं कॉलेजच्या ग्रुपवर येतं. वडील बागेचे फोटो पाठवतात, तू त्यावर काहीतरी लिहितेस, त्यांना बरं वाटतं. दंडोबाच्या डोंगरावरचं गवत तू कुसळी म्हणून आयनॅचरलिस्टवर, म्हणजे झाडं-प्राण्यांचे फोटो टाकून नाव ओळखून घ्यायच्या ॲपवर, टाकलंस आणि केरळमधल्या एका अभ्यासकाने नाव दुरुस्त करून दिलं, त्या दिवशी तू किती खूश होतीस! हे सगळं त्याच फोनमुळे घडलं.

माझं सांगते. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या बोळात ते कमरेएवढं होतं. लाइट नाही, फोनचं चार्जिंग पुरवून पुरवून वापरत होतो. समोरच्या आजींच्या इन्सुलिनची चिठ्ठी मी एका ग्रुपवर टाकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीतून इन्सुलिन आलं. त्याच फोनवरून मी आणखी एक मेसेज पुढे पाठवला, अमुक चौकात पिण्याच्या पाण्याचा टँकर आलाय म्हणून. तो आदल्या दिवशीचा होता आणि मी तारीख पाहिलीच नाही. शेजारचे दोघे तेवढ्या पाण्यातून कळश्या घेऊन गेले आणि तसेच परत आले. कुणी मला बोललं नाही. एकाने फक्त जिन्याशी उभं राहून कळशी पालथी करून दाखवली. तेव्हापासून तारीख बघितल्याशिवाय मी काहीही पुढे पाठवत नाही. तुझ्या हॉस्टेलच्या ग्रुपवर पेपर पुढे ढकलल्याचे मेसेज फिरतात ना, तेव्हा तूही एवढं कर.

आता तुझ्या रात्रींविषयी. तू विश्रामबागेत उंचावर राहतेस, तरी दोन पावसाळ्यांत तुला ठाऊक झालं असेल, इथे माणसं भेटली की आधी विचारतात, 'पाणी किती फुटांवर?' आयर्विनपाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. चाळीसला कुणी रडत बसत नाही आणि नदीला शिव्याही देत नाही. सिलिंडर माडीवर जातो, गाड्या उंचावर लावल्या जातात, कागदपत्रं पिशवीत बांधली जातात. ४५ ची वाट बघत बसलेल्याला मग बोटच लागते. तुझं असं होतंय की धोक्याची पातळी ओलांडली की तू घाबरून ॲप काढून टाकतेस आणि मन जरा शांत झालं की परत घेतेस. इशाऱ्याची खूण तू कधी केलीच नाहीस.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यार्थी १४३. त्यातल्या काहींनी तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट दिवसाला प्रत्येकी दहाच मिनिटं वापरलं, बाकीच्यांनी नेहमीसारखं. दहा मिनिटंवाल्यांचं एकटेपण कमी झालं आणि जे आधीपासून जास्त उदास होते त्यांची उदासीही. पण मला मोलाचं वाटलं ते दुसऱ्या गटाचं. त्यांनी वापर कमी केला नव्हता, फक्त किती होतोय याची नोंद राहत होती. तरी त्यांचीही बेचैनी आणि 'आपलं काहीतरी हुकतंय' ही धास्ती उतरली. म्हणजे रोज आकडा बघण्यानेही फरक पडतो.

म्हणून सात दिवस काहीही बंद करू नकोस. रोज रात्री नऊ वाजता फोनमधला स्क्रीन टाइम बघ आणि कागदावर लिही, शेजारी झोप किती झाली आणि सकाळी मेसमध्ये नाश्ता केलास का, तेही. मग तुझी इशारा पातळी तूच ठरव. माझा अंदाज विचारशील तर फोन पांघरुणात गेला की तुझे ४० फूट झाले. अलार्मसाठी फोन उशाशी लागतो म्हणशील. हरभट रोडवर जा, टेबलावरचं घड्याळ घे आणि फोन दाराजवळच्या टेबलावर चार्जिंगला लाव. नोटिफिकेशन घरची आणि कॉलेजच्या ग्रुपची ठेव, बाकीची बंद. यात मोठं काही नाही, सिलिंडर माडीवर नेण्याइतकंच काम आहे.

पुण्याला गेलेल्या तुझ्या मैत्रिणीचं मात्र लिहायला जड जातंय. तिच्या स्टोरी बघून तुला वाटतं, आपणच मागे राहिलो. मत्सर वाटला म्हणून शरमू नकोस, तो वाटतो. तिच्या स्टोरी म्यूट कर, तिला कळतही नाही. आणि रविवारी तिला फोन लाव, नुसतं बोलायला. दहावीपर्यंत एका बाकावर बसलेल्या पोरी तुम्ही, एकमेकींचे फोटो बघत दोन वर्षं काढलीत आणि आवाज ऐकला नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. इतकं करूनही मन उचलत नसेल, रडू येत असेल, तर मला हाक मार, वेळ बघू नकोस. मी नसले तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन कर. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

मला सारखी आठवते ती तुझी कांद्याच्या मुळाची स्लाइड. ॲसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब टाकलास, स्पिरिट लॅम्पवर स्लाइड फिरवायला लागलीस आणि जर्नलखालचा फोन थरथरला. तुझी फक्त नजर गेली, हात ज्योतीवरच राहिला. रंग उकळून करपला. मग मी फोन माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आणि तू दुसरी स्लाइड केलीस. अर्ध्या तासाने ओरडलीस, 'मॅडम, ॲनाफेज!' पेशी विभागतानाची ती पायरी, लालसर गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जात होती आणि तू श्वास रोखून फोकस सांभाळत होतीस. त्या दिवशी फोन न घेताच तू निघालीस. व्हरांड्यात हाक मारून मला तो द्यावा लागला.

पुढच्या शनिवारी प्रॅक्टिकल झाल्यावर थांब. सात दिवसांचा कागद आण, आकडे कसेही असोत, मी रागावणार नाही. आणि दंडोबावरचं ते गवत वहीत दाबून ठेवलंयस ना, तेही घेऊन ये. त्याची कुसळं भिंगाखाली बघायची राहिलीत.

अनेक आशीर्वाद.

तुझी,
मॅडम