सुई नवीन, सिरिंज जुनीच: चालतं का?

प्रश्न: आमच्या गावातले डॉक्टर स्वभावाने चांगले आहेत, रात्री-अपरात्री पण येतात. मागच्या महिन्यात आईला ताप आला तेव्हा त्यांनी आधीच्या पेशंटला वापरलेल्या सिरिंजलाच नवीन सुई लावून आईला इंजेक्शन दिलं. विचारलं तर म्हणाले, सुई बदललीय ना, मग कशाला टेन्शन घेताय? खरंच चालतं का असं?
– एक वाचक भगिनी, परभणी जिल्हा

उत्तर: नाही चालत ताई, अजिबात नाही. इंजेक्शन देताना डोळ्याला दिसणारही नाही इतकं रक्त सिरिंजमध्ये मागे येऊ शकतं, सुई बदलली तरी ते आतच राहतं आणि तीच सिरिंज औषधाच्या बाटलीत घातली की मग अख्खी बाटलीच गेली, त्यातून पुढे ज्याला ज्याला औषध देणार त्या सगळ्यांना धोका. कावीळ बी (हिपॅटायटिस बी) चा विषाणू तर शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात सात दिवस तरी जिवंत राहतो.

हे पुस्तकातलं सांगत नाहीये. 2009 मध्ये गुजरातच्या मोडासा भागात कावीळ बी ची मोठी साथ आली, कितीतरी माणसं गेली, आणि चौकशीत पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजच निघाल्या. पाकिस्तानात सिंधमधल्या रातोदेरोचं तर वाचवत नाही. 2019 च्या एप्रिलमध्ये तिथे ताप हटत नाही म्हणून लहान मुलांच्या तपासण्या केल्या तर एचआयव्ही निघाला, आणि बऱ्याच मुलांच्या आयांना मात्र काहीच नव्हतं! म्हणजे आईकडून आलेलं नाही, मग आलं कुठून? सुया आणि सलाईनचे सेट परत परत वापरल्यामुळे. काही महिन्यांत साडेआठशेच्या वर लोक पॉझिटिव्ह निघाले, पाचातले चार 15 वर्षांच्या आतले. सुरुवातीला एकाच डॉक्टरला धरलं होतं, नंतर कळलं की हीच सवय कितीतरी दवाखान्यांत आहे. म्हणून मला एकट्या तुमच्या डॉक्टरांना दोष द्यायचा नाहीये, आपल्यालाही सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही ना, साध्या सर्दी-तापाला बहुतेक वेळा गोळीने भागतं तरी आपणच म्हणतो, डॉक्टर एक इंजेक्शन द्याच.

पुढच्या वेळी आधी विचारा, गोळीने होईल का? इंजेक्शन लागणारच असेल तर सिरिंज आणि सुई दोन्हींचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, वाईट वाटलं त्यांना तर वाटू दे. आणि वापरलेल्या सिरिंजने कधी टोचलंच तर 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठायचं, एचआयव्ही टाळायच्या गोळ्या तेवढ्यातच सुरू कराव्या लागतात. आईंची ती वेळ गेलीय, पण घाबरून घरी बसू नका. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, सोबत कावीळ बी आणि सी पण बघायला सांगा. आत्ता सगळं निगेटिव्ह आलं तरी इंजेक्शनपासून तीन महिन्यांनी एचआयव्ही आणि सहा महिन्यांनी काविळीची तपासणी परत करा. कावीळ सी निघाली तरी साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेक लोक बरे होतात, आणि कावीळ बी नसेल तर त्याची लस लगेच घेऊन टाका, आईंनी पण आणि तुम्ही पण.