गोपनीयता की खासगीपणा?

कॉलेज रोडवरच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: वादविवाद स्पर्धेसाठी लिहिलेल्या भाषणात ‘सरकारने इंटरनेटवर हेरगिरी करणं हा गोपनीयतेचा भंग आहे’ असं वाक्य होतं. सरांनी ‘हेरगिरी’ आणि ‘गोपनीयता’ या दोन्ही शब्दांखाली रेघ ओढली. का?

आधी दुसरा शब्द घेतो, कारण माझ्या मते खरा घोटाळा तिथे आहे. ‘गोपनीय’ म्हणजे लपवून ठेवण्याजोगं. धातू गुप्, गुप्त, गुप्तहेर ही त्याचीच भावंडं. हा शब्द शोभतो तो कागदपत्रांना: गोपनीय अहवाल, गोपनीय फाइल. माणसाच्या हक्काला तो लावला, की समोरचा लगेच म्हणणार, ‘लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली?’ आणि हा प्रश्न त्याच्या हाती आपणच आपल्या शब्दाने दिलेला असतो.

‘खासगी’चं तसं नाही. होळकरशाहीत ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन वेगळे हिशेब होते. दौलत राज्याची, खासगी राजघराण्याची स्वतःची. अहिल्याबाईंचा दानधर्म खासगीतून चाले, हे आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात चांदवडचा होळकरांचा रंगमहाल पाहायला गेलेल्यांनी ऐकलेलं असतं. खासगीत लपवाछपवी नव्हती. ती कोणाची, एवढाच प्रश्न होता. हॉस्टेलवरची मुलगी रोज रात्री आईशी बोलते हे सगळ्या मजल्याला ठाऊक असतं, तरी ते बोलणं त्या दोघींचंच. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने मूलभूत ठरवला तो हाच हक्क. वर्तमानपत्रांत त्याला दोन्ही नावं मिळाली. मी ‘खासगीपणा’च लिहितो, आणि तुम्हीही लिहा, अशी कळकळीची विनंती.

आता ‘हेरगिरी’. हेर परक्या मुलखात जातो, ओळख लपवून. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली रीतसर लेखी आदेश काढून कोणाचे संदेश वाचले, तर ते पटो न पटो, हेरगिरी नव्हे. ठरावीक माणसावर नजर असेल तर आपला जुना शब्द आहे, ‘पाळत’. ‘टेहळणी’ मात्र जपून वापरा. ती रामशेजसारख्या गडावरून होते, शत्रू येतो का ते पाहायला, सगळ्या मुलखावर. अमेरिकी गुप्तचर खात्यासाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये लोकांचे फोन आणि इंटरनेट सरसकट टिपणाऱ्या अमेरिकेच्या ज्या यंत्रणेची कागदपत्रं बाहेर आणली, तिला हा शब्द नेमका बसतो, आणि बसतो म्हणूनच बोचतो: बुरुजावरच्या पहारेकऱ्याने तोंड गावाकडे फिरवलेलं असतं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण भाषणात पुढे ‘संदेश अडवणे’ असंही आहे. अडवलेला माणूस पुढे जात नाही. हा संदेश तर बिनबोभाट पोचतो, फक्त वाटेत त्याची नक्कल निघते. म्हणून ‘वाटेत टिपणे’ म्हणावं. टिपलेला मजकूर कुलूपबंद असेल तर तो ‘उकलणे’ ही वेगळी क्रिया, आणि कलम ६९ मध्येही ती वेगळीच सांगितली आहे. फोनसाठी ‘टॅपिंग’ रुळलाय, तो राहू द्या. त्याच टॅपिंगबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं होतं, की आदेश गृहसचिवांच्या पातळीवरच निघावा, तो २ महिन्यांपुरता असावा आणि मुदत वाढवली तरी एकूण ६ महिन्यांपलीकडे जाऊ नये.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘सरकारने इंटरनेटवरचं आमचं बोलणं सरसकट टिपणं हा आमच्या खासगीपणावर घाला आहे.’ यात ‘सरसकट’ गाळू नका. तुमचा मुद्दा त्याच शब्दावर उभा आहे. आणि आदेशाशिवाय कोणाच्या फोनमध्ये शिरल्याचं उदाहरण देणार असाल, तर तिथे ‘हेरगिरी’ खुशाल राहू द्या.