वय 26, हातात नर्सिंगची डिग्री, परत नीट द्यावी का?

(पत्र थोडक्यात: मुलगी 26 वर्षांची, बीएस्सी नर्सिंग झालेली, कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स. 2017 आणि 2018 ला एमबीबीएसची प्रवेश परीक्षा नीट दिली, नंबर लागला नाही म्हणून नर्सिंगला गेली. 2025 ला ड्युटी सांभाळून परत दिली, 720 पैकी 381 मार्क आले. वडिलांचं पन्हाळ्याकडं गुऱ्हाळ आहे, आई स्थळं बघतेय, काका म्हणतात पंचविशीनंतर एमबीबीएसला घेतच नाहीत. तिचं विचारणं असं की परत प्रयत्न करू का, आणि आयसीयूच्या अनुभवाचा काही फायदा मिळेल का.)

पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी काकांचं बघू म्हणजे घरातला निम्मा वाद मिटेल. ते बोलतात ते जुनं आहे, पूर्वी ओपनला 25 आणि रिझर्व्हेशनला 30 अशी अट होती खरी, पण मार्च 2022 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने वरची वयाची अट काढूनच टाकली. आता 31 डिसेंबरला 17 वर्षं पूर्ण पाहिजेत एवढंच, आणि किती वेळा द्यायची त्यालाही बंधन नाही. तेव्हा दार उघडं आहे.

आता अनुभवाचं. तू लिहिलंयस की अमेरिकेतल्या मुलांचे व्हिडिओ बघतेस, तिथं नोकरी करून उशिरा मेडिकलला येणारे लोक अर्जासोबत आपली गोष्ट लिहितात, पेशंटसोबत किती काम केलं ते सांगतात, इंटरव्ह्यू देतात आणि त्याला किंमत असते. खरं आहे ते, पण तिकडचं. आपल्याकडं निबंध नाही, इंटरव्ह्यू नाही, तीन वर्षं व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळलेस त्याला नीटमध्ये एक मार्कसुद्धा नाही. आणि नर्सिंग झालं म्हणून थेट दुसऱ्या वर्षाला घेणारी सोय एमबीबीएसला नाहीच, तसं कुणी एजंट सांगत असेल तर त्याला एक रुपया देऊ नकोस. तू अठरा वर्षांच्या पोरांशेजारी पहिल्या वर्षाला बसणार. हे ऐकून वाईट वाटेल, मलाही लिहिताना वाटतंय, पण निर्णय यावरच घ्यायचाय.

म्हणून मी तुझी इच्छा किती पक्की आहे ते न बघता आधी तुझा स्कोअर बघितला. बायोलॉजी 360 पैकी 262. नाईट करून आल्यावर एवढे आणणं सोपं नाही, शाबास. केमिस्ट्री 88. आणि फिजिक्स 180 पैकी 31. तू 45 पैकी 34 प्रश्न सोडवलेस, 13 बरोबर आले म्हणजे 52 मार्क, आणि 21 चुकले त्याचे 21 वजा. नुसते ते 21 सोडून दिले असतेस तरी 52 राहिले असते. पत्रात तू लिहितेस "माझी जिद्द कमी पडली". नाही गं, जिद्द भरपूर आहे, फिजिक्स कच्चं आहे, आणि ते 2017 लाही कच्चंच होतं, तूच लिहिलंयस. दोनदा ज्या ठिकाणी अडलीस तिथंच तिसऱ्यांदा अडलीस, आणि मधल्या काळात त्यावर काम झालं नाही. चौथ्यांदा देताना हे बदलणार असेल तरच दे.

दुसरी गोष्ट, जुन्या नोट्स काढू नकोस. 2024 पासून सिलॅबस कमी झालाय, पचनसंस्थेचा धडा गेला, केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट आणि पॉलिमर गेले, तू मात्र त्यावर वेळ घालवलास असं वहीच्या फोटोवरून दिसतंय. 2025 पासून पेपरचा साचाही बदलला, ऑप्शनल प्रश्न बंद, 180 प्रश्न 180 मिनिटांत. आणि आदल्या वर्षीच्या कटऑफशी स्वतःचे मार्क लावून रडत बसू नकोस, 2024 ला 17 जणांना पैकीच्या पैकी 720 होते आणि 2025 ला पहिल्या आलेल्याला 686, इतका फरक पडतो पेपरनं, म्हणून नेहमी रँक बघायची.

नोकरी सोडू का? लगेच नको. पण नाईट बंद करून घे, मेट्रनशी (नर्सांच्या प्रमुखाशी) बोल, पगार कमी झाला तरी चालेल. नीट दुपारी 2 ते 5 असते आणि नाईट करणाऱ्या माणसाचं शरीर त्या वेळेला झोप मागत असतं, तुझ्या केमिस्ट्रीतल्या 16 चुकांपैकी किती झोपेच्या होत्या ते तूच आठवून बघ. डिसेंबरपर्यंत रोज दोन तास फक्त फिजिक्स, सुरुवात अकरावीच्या मेकॅनिक्सपासून, आणि क्लास लावायचा तर फिजिक्सपुरताच लाव. डिसेंबरअखेर पूर्ण पेपरच्या तीन मॉकमध्ये (सराव परीक्षांत) फिजिक्स 80 च्या वर येत असेल तर जानेवारीपासून रजा किंवा राजीनामा, आणि पुढचे चार महिने पूर्णवेळ अभ्यास. 50 च्या आतच घुटमळत असेल तर थांब, असं माझं स्पष्ट मत आहे. 80 आणि 50 हे माझ्या अंदाजाचे आकडे, पण आकडा आत्ताच ठरवून ठेव, मे महिन्यात मन ठरवू देत नाही.

घरी वर्षांचा हिशोब नीट सांग. 27 ला अ‍ॅडमिशन धरली तर साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, तेव्हा 33 लागतं, सरकारी कॉलेज असेल तर वर्षभराचा बाँड (सक्तीची सरकारी सेवा), आणि पीजी करायची तर पुढे आणखी तीन वर्षं. लग्न यात बसतच नाही असं नाही, पण येणाऱ्या स्थळाला हे आधी सांगायचं, नंतर नाही. आईला तारखेसकट सांगितलंस तर ती ऐकेल, नुसतं "मला शिकायचंय" म्हटलं की आयांना भीती वाटते.

पैशाचं थोडक्यात सांगतो. कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलच्या आपल्या सरकारी कॉलेजात 150 जागा आहेत, दहावी-बारावी इथलीच म्हणून 85 टक्के स्टेट कोट्यात तू बसतेस. ओबीसी आहात तर 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना 2024 पासून फीमाफी आहे, पण अभिमत विद्यापीठाला ती लागू नाही आणि तिथं पूर्ण कोर्स कोटीच्या घरात जातो, गुऱ्हाळ आणि शेत गहाण ठेवून ते करू नये. कास्ट व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेयर आत्ताच काढायला टाक. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेव, ते कुठल्याही परिस्थितीत सोडायचं नाही.

आणि नाहीच झालं तर एम्सची नर्सिंग ऑफिसर भरतीची नॉर्सेट परीक्षा आहे, क्रिटिकल केअरमधलं नर्स प्रॅक्टिशनरचं पीजी आहे. तीन वर्षं आयसीयूत काढलेल्या मुलीला तिथं किंमत आहे, हे मी समजूत काढायला सांगत नाही.

येत्या रविवारी सुट्टी घे, 2 ते 5 एक मॉक दे, फिजिक्समध्ये येतंय तेवढंच सोडव, अंदाजानं गोल काळा करू नकोस. उत्तरपत्रिकेचा फोटो पाठव, मग पुढचं बोलू.