पहिली मॅच रायफल कोणत्या कॅलिबरची घ्यावी?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा नाशिकचा. सध्या टेक्ससमध्ये ऑस्टिनजवळ राहतो, ग्रीन कार्ड आहे. 2024 मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवलं तेव्हापासून नेमबाजीने डोक्यात घर केलंय. इथल्या प्रिसिजन रायफल सिरीजच्या, म्हणजे पीआरएस या लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धांच्या क्लब मॅचमध्ये उतरायचं आहे. दुकानदार .300 विंचेस्टर मॅग्नम दाखवतो, मित्र 6 डॅशरशिवाय दुसरं बोलत नाही, माझं मन .308 वर आहे. काडतुसं घरी भरायला वेळ नाही. बायकोलाही खेळायचंय. काय घेऊ?

उत्तर : 6.5 क्रीडमूर या काडतुसाची रायफल घ्या. कारण नीट सांगते, कारण तिघांचंही म्हणणं तसं खोटं नाही.

आधी मॅच कशी असते ते पाहा. स्वप्नीलच्या खेळात .22 ची रायफल, 50 मीटर, आणि गुडघ्यावर, पालथं झोपून व उभं राहून अशा ठरलेल्या तीन अवस्था असतात. पीआरएसमध्ये टायमरची बीप वाजली की घड्याळ सुरू: साधारण 90 सेकंद, दहा गोळ्या. समोर लोखंडी अँगल एकमेकांत वेल्ड केलेला टँक ट्रॅप. त्यावर वाळूची पिशवी टाकायची, पिशवीवर रायफल, आणि सहाशे-साडेसहाशे यार्डांवरची पोलादी पाटी शोधायची. पहिली गोळी चुकते. पाटीच्या डावीकडे मातीचा फवारा उडतो. तो फवारा तुम्हाला स्वतःच्या स्कोपमध्ये दिसला, तर रेटिकलवर, म्हणजे स्कोपमधल्या मोजणीच्या खुणांवर, मोजता येतं की गोळी 0.4 मिल डावीकडे गेली (मिल हे कोनाचं माप; हजार यार्डांवर एक मिल म्हणजे एक यार्ड). तेवढं उजवीकडे धरून पुढचा बार टाकायचा. धक्क्याने स्कोप उडाला तर फवारा दिसत नाही आणि उरलेल्या नऊ गोळ्या अंदाजपंचे जातात. माझ्या मते कॅलिबरची निवड इथेच होते, बाकी सगळं नंतर.

म्हणून .300 मॅग्नम नको. पीआरएसच्या ओपन या खुल्या विभागाच्या नियमात (.30 पर्यंत व्यास, सेकंदाला 3200 फुटांपर्यंत वेग) ती बसते, पण तिचा धक्का तुम्हाला आंधळं करेल. दुकानदार शिकाऱ्यांना विकतो, त्याचा हिशेब वेगळा.

डॅशरबद्दल तुमचा मित्र बरोबर आहे. छोटं काडतूस, थोडी दारू, साधारण 105 ते 110 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी, धक्का जेमतेम. वरच्या क्रमांकाचे बरेच नेमबाज याच घराण्यातलं काडतूस वापरतात. पण ते बहुतेक स्वतः काडतुसं भरतात. दुकानात डॅशरची पेटी सहज मिळत नाही, शिवाय आखूड काडतूस मॅगझिनमधून नीट चढावं म्हणून वेगळी व्यवस्था लागते. वेळ नसलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

.308 चं बॅरल पाच हजार गोळ्यांनाही दाद देत नाही, हा मोठा गुण. पीआरएसच्या टॅक्टिकल या वेगळ्या विभागात .308 आणि .223 हीच दोन काडतुसं चालतात. पण हजार यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा 175 ग्रेनच्या गोळीला तीन मिलच्या आसपास ढकलतो, तर 6.5 क्रीडमूरच्या 140 ग्रेनच्या गोळीला दोनच्या आसपास. वारा ओळखायला शिकायच्या काळात तो एक मिल फार महाग पडतो.

6.5 क्रीडमूर हॉर्नडी या काडतूस कंपनीने 2007 मध्ये लांब पल्ल्याच्या स्पर्धांसाठीच आणलं. मॅच दर्जाचं तयार काडतूस जवळपास प्रत्येक दुकानात मिळतं. त्याच्याच धाकट्या भावाचा, बारीक गोळीच्या 6 क्रीडमूरचा धक्का आणखी कमी, पण बॅरल दीड हजाराच्या सुमारास थकतं. 6.5 चं दोन ते तीन हजार गोळ्या टिकतं. एका दोन दिवसांच्या मॅचला सुमारे दोनशे गोळ्या लागतात, सराव वेगळा. तेव्हा बॅरल हे मोटरसायकलच्या टायरसारखं झिजणारं, आणि त्याचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवायचे.

रायफल टिक्का टी3एक्स टॅक ए1, बर्गारा एचएमआर, रुगर प्रिसिजन, यांपैकी कुठलीही चालेल. हलकी घेऊ नका. मॅचच्या रायफली स्कोपसकट वीस पौंड आणि त्याहून जड असतात, कारण वजन धक्का गिळतं. दहा गोळ्यांचं काढता येणारं मॅगझिन आणि मझल ब्रेकसाठी (नळीच्या टोकाला बसणारा, धक्का कमी करणारा तुकडा) आटे हवेतच. स्कोपवर कंजुसी नको: फर्स्ट फोकल प्लेन (झूम कितीही असला तरी रेटिकलचं माप बरोबर राहतं), रेटिकलही मिलमध्ये आणि नॉबही मिलमध्ये. रायफलइतकाच पैसा तिथे गेला तरी हळहळू नका.

हे वाचणाऱ्या एच-1बीवाल्यांनी, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी, एक लक्षात ठेवा. तुम्हाला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारण मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद. आधी वकिलाला विचारा, मग दुकानात जा.

वहिनींसाठी दुसरी मोठी रायफल लगेच नको. दस्त्याची लांबी आणि गालाची उंची कमी-जास्त करता येईल अशी घेतलीत तर एकीवर दोघांचं भागतं. उरलेल्या पैशात .22 ची सीझेड 457 किंवा टिक्का टी1एक्स घ्या. एनआरएल22 या .22 रायफलींच्या स्पर्धामालिकेच्या मॅच शंभर यार्डांच्या आतच होतात, गोळी स्वस्त, आणि पिशवी मांडणं, बोल्ट ओढणं, घड्याळाशी झगडणं सगळं तेच. पहिले काही महिने दोघांनी त्याच मॅच खेळा. क्रीडमूर तोवर कपाटात राहिली तरी चालेल.