दहा जण कुठे लागतात, कुठे नाही

शालोम,

पुन्हा कधी सिनेगॉगची (प्रार्थनास्थळाची) दारं बंद करायची वेळ आली तर ज्यू जमातीने काय करायचं, हे लिहून ठेवायचं काम तुझ्याकडे आलं हे फार बरं झालं. २०२० साली असा कागद हाताशी नव्हता. १० मार्चला पुरीमचा सण झाला, २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि ८ एप्रिलच्या संध्याकाळी पेसाहचा सण. टाळेबंदी आणि पेसाहच्या मध्ये मिळाले चौदा दिवस.

कागदाची सुरुवात कॅमेरा आणि ॲपपासून करू नकोस. आधी दोन याद्या कर. मिन्यानशिवाय, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांशिवाय होत नाही ते एका बाजूला, घरात होतं ते दुसऱ्या बाजूला. पहिली यादी छोटी निघेल: कादिश (मयताच्या घरच्यांनी म्हणायची प्रार्थना), बारखू आणि केदुशा या सामूहिक प्रार्थना, तोरा या धर्मग्रंथाचं जाहीर वाचन. शब्बाथचे (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे) दिवे, किद्दुश (वाइनवरचा आशीर्वाद), हवदाला (शब्बाथ सुटतानाचा विधी), सेदेर (पेसाहच्या रात्रीचं विधीचं जेवण), मलिद्याचे (पोहे-खोबऱ्याच्या प्रसादाचे) आशीर्वाद, इतकंच काय शोफारही (शिंगाचं वाद्य), सगळं दुसऱ्या यादीत जातं. लोकांना वाटतं सिनेगॉगला कुलूप म्हणजे धर्माला कुलूप. मुंबईत शआर हारहामीम हे सिनेगॉग उभं राहिलं १७९६ साली. त्याआधी कोकणातल्या बेने इस्राएलांकडे, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंकडे, सिनेगॉग नव्हतं, तरी शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद असायचा. त्यांना पडलेलं शनवार तेली हे नाव त्यातूनच आलं. योम किप्पूरला (प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाला) तर ते दारफाळणीचा सण म्हणत: दार लावून, बाहेरच्या कुणाला न भेटता दिवस काढायचा.

आता कादिश, कारण सगळ्यात जास्त दुखतं ते तिथे. शुल्हान आरुख या धर्मनियमांच्या ग्रंथात एक सवलत आहे: सिनेगॉगच्या मागे उभा असलेला माणूस खिडकीतून तोंड दाखवत असेल तर तो मिन्यानमध्ये धरला जातो. याच आधारावर इस्रायलमध्ये गॅलऱ्यांतून आणि अंगणांतून मिन्यान उभे राहिले. आपल्या चाळीत, सोसायटीत समोरासमोरच्या गॅलऱ्या मोजून ठेव. एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत. व्हिडिओवर पडद्यावर दिसणारे दहा मात्र ऑर्थोडॉक्स (कर्मठ) परंपरा मोजत नाही. ज्यूंच्याच कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीने मार्च २०२० मध्ये संकटापुरती ती वाट मोकळी ठेवली. तुमच्या जमातीत काय चालेल, हे आजच विचारून लेखी घे. घरात मयत झाल्यावर हा वाद होता कामा नये. कादिश शक्यच नसेल तर त्या घरासाठी मिश्ना या ग्रंथाचा एक अध्याय, तेहिलीम (स्तोत्रं) आणि दानाची रक्कम ठरवून दे. शिवाचे (सुतकाचे) सातही दिवस फोन करणाऱ्यांच्या वेळा वाटून घे, नाहीतर पहिल्या दिवशी चाळीस फोन येतात आणि पाचव्या दिवशी एकही नाही.

मलिदा एकाच ताटातून वाटायची सवय सोडावी लागेल. ताट प्रत्येकाने आपल्या घरी मांडायचं, एलियाहू हानावी या प्रेषिताचं गाणं सगळ्यांनी एका वेळी म्हणायचं. दहाएक जणांसाठी अर्धा किलो जाड पोहे, दोन नारळांचा चव, पाव किलो साखर, वेलची, बदाम, मनुका, चिमूटभर मीठ. पोहे चाळणीत घेऊन पाण्याखालून काढायचे, भिजत ठेवायचे नाहीत; लगदा झाला की सुटत नाही. साखर अगदी शेवटी, कारण तिला पाणी सुटतं. घरोघर पोचवायचं असेल तर पोहे आणि खोबरं वेगवेगळ्या डब्यांत द्या. कोकणातल्या उकाड्यात चव चार-पाच तासांत आंबतो आणि सगळा डबा वाया जातो. पाच फळं अखंड द्या, कापून नाही. फुलाचा किंवा सब्जाचा सुवास प्रत्येकाने आपल्या घरचाच घ्यावा, हातोहात फिरवू नये.

गाण्याचं एक ध्यानात ठेव. पडद्यावर सगळे एकदम गायले की आवाज मागेपुढे होऊन कालवा होतो. एकाचाच माइक चालू, बाकीच्यांनी आपापल्या घरी मोठ्याने गायचं. हार्मोनियम असेल तर गोंगाट गाळणारी सेटिंग बंद कर, नाहीतर ॲप सूरच गिळून टाकतं.

किद्दुशसाठी कोशर वाइन मिळाली नाही तरी अडत नाही, मनुकांचं सरबत आपल्याकडे जुनंच आहे. पाव किलो काळ्या मनुका पाऊण लिटर पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळ. एप्रिलमध्ये बाहेर ठेवलंस तर फेसाळून आंबट होईल.

सणाला विजेची उपकरणं वापरत नाहीत, म्हणून सेदेरच्या रात्री व्हिडिओ चालू ठेवावा का, यावर इस्रायलमध्येच मतभेद झाले: उत्तर आफ्रिकी परंपरेतल्या काही रब्बींनी (धर्मगुरूंनी) एकट्या वृद्धांसाठी, सणाआधीच जोडणी सुरू करण्याच्या अटीवर, परवानगी दिली, प्रमुख रब्बींच्या कार्यालयाने विरोध केला. सगळ्यांना चालेल अशी वाट म्हणजे सूर्यास्ताआधी जमायचं, नातवंडांनी मा निश्ताना (सेदेरला मुलं विचारतात ते प्रश्न) म्हणायचं, गाणी म्हणायची आणि फोन बंद करायचा. किद्दुश अंधार पडल्यावर, ज्याच्या त्याच्या घरी.

रोश हाशानाला (नव्या वर्षाच्या सणाला) शोफार फोनवरून ऐकून मित्स्वा (धर्माची आज्ञा) पूर्ण होत नाही, म्हणून वाजवणाऱ्यालाच इमारतींच्या आवारात फिरव. शंभर आवाजांचा आग्रह नको, तीस पुरेत (तेकिया, शेवारीम, तेरुआ ही आवाजांची नावं): तेकिया-शेवारीम-तेरुआ-तेकिया तीनदा, तेकिया-शेवारीम-तेकिया तीनदा, तेकिया-तेरुआ-तेकिया तीनदा. रुंद तोंडावर सर्जिकल मास्क बसवला तर आवाज फारसा दबत नाही. एक शोफार दोघांनी वाजवायचा नाही. २०२० मध्ये रोश हाशानाचा पहिला दिवस शनिवार होता आणि शब्बाथला शोफार वाजवत नाहीत, त्यामुळे तो फक्त रविवारी, २० सप्टेंबरला वाजला. शोफारचे दोन्ही दिवस आले तर माणसंही दुप्पट लागतील.

इस्रायलमधल्या अश्दोद, दिमोना, लोद इथल्या नातेवाइकांना जोडताना घड्याळ बघ. इस्रायल उन्हाळ्यात अडीच तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतीन. आपला शब्बाथ सुटतो तेव्हा त्यांचा चालूच असतो. उन्हाळ्यात शनिवारी रात्री सव्वाअकराच्या आधी त्यांना फोन लावू नकोस.

आणि ज्यांच्याकडे साधा फोनच आहे अशा वृद्धांची यादी वेगळी कर, शेजाऱ्याच्या नंबरासकट. शुक्रवारी दुपारी चारच्या आत प्रत्येकाला एक फोन गेलाच पाहिजे: दिवे लावायची वेळ सांगायची, औषधं आहेत का विचारायचं, आणि उत्तर आलं नाही तर शेजाऱ्याला दार वाजवायला सांगायचं.