इंजिन खोलायच्या आधी पॉलिसी खोलून वाचा

कराडकडच्या एका वाचकाचं पत्र आलंय, थोडक्यात सांगतो. वय 39, घरात आई, बायको, दोन मुलं. 2014 ची डिझेल पिकअप, 2 लाख 60 हजार किलोमीटर झालेली, स्वतःच चालवतात. भाजी घेऊन चिपळूणला उतरायचं आणि येताना मिळेल तो माल भरून कुंभार्ली घाट चढायचा. चार महिन्यांपासून गाडी सकाळी थंड असताना गदगदते, घाटात लोडला दम सोडते, काळा धूर मारते, ॲव्हरेज 13 वरून 10 वर आलंय. आधी क्लच बदलला, 14 हजार, मग एक इंजेक्टर, 18 हजार, फरक शून्य. आता गॅरेजवाला म्हणतो इंजिन खोलावं लागेल, 1 लाख 40 हजार. त्यांचा प्रश्न असा, की आयुर्विम्याची पॉलिसी मोडून इंजिन करू, का गाडी एक्स्चेंजमध्ये 2 लाखाला देऊन 10 लाखाची नवी घेऊ, वरच्या 8 लाखाचं कर्ज काढून, "कारण पुढच्या वर्षी पॉलिसीचे 7 लाख 20 हजार येणारच आहेत, कर्ज एका झटक्यात संपेल."

येणार नाहीत. त्यावर येतो, आधी गाडीचं उरकू.

मी मेकॅनिक नाही, पण माझ्या क्लायंटमध्ये एक पंप-नोझलवाले (डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणारे) आहेत, त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी पहिलं विचारलं, ऑइल खातेय का? तुम्ही लिहिलंय की सर्व्हिस ते सर्व्हिस टॉप-अप लागत नाही, कूलंट उतरत नाही, निळा-पांढरा धूर नाही. मग रिंगा आणि बोअर गेले, म्हणजे इंजिन आतून झिजलं, हे ठरवलं कुणी, आणि कशावरून? काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय नाहीतर डिझेल जास्त पडतंय. त्यासाठी एअर फिल्टर बघायचा, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज फाटलेत का बघायचं (लोडला शिट्टी वाजते का ते ऐका), ईजीआर व्हॉल्व (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडाच अडकलाय का बघायचं, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायचं, आणि स्कॅनर लावून कोड वाचायचे. त्यानंतर सगळ्या इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, म्हणजे प्रत्येकाच्या परतीच्या नळीला बाटली लावून कोण किती डिझेल परत सोडतोय ते मोजायचं. तुमचा एक इंजेक्टर बदलला, पण तोच खराब होता हे कुणी मोजलं होतं का? पत्रात तरी तसं दिसत नाही. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजणं, सगळ्यात शेवटी. एखाद्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा बरंच खाली असेल आणि चालू इंजिनात ऑइलचं झाकण उघडल्यावर जोरात वाफारा येत असेल, तर मग खोला, माझी हरकत नाही.

हे सगळं धरून पाच-सहा हजारात होतं. 1 लाख 40 हजाराच्या निर्णयाआधी पाच हजार खर्च करायला आपण का कचरतो मला कळत नाही, आणि त्याच वेळी 32 हजार अंदाजावर घालवून बसतो. शिवाय दोष टपकणाऱ्या इंजेक्टरचा असला आणि इंजिन नवं बांधलं, तर तोच इंजेक्टर नवा पिस्टनही जाळेल. इन्शुरन्समधून काही मिळेल का विचारलंय, तर नाही, झिजेला आणि बिघाडाला गाडीचा विमा पैसे देत नाही, फुल असला तरी. तुमचा तर नुसता थर्ड पार्टी आहे.

आता नवी गाडी. 8 लाख, 5 वर्षं, 11 टक्के, ईएमआय साधारण साडेसतरा हजार, व्याज सव्वादोन-अडीच लाख. तुम्ही म्हणता महिन्याला 40 हजार हातात राहतात. त्यातून टायर, विमा, दरवर्षीचं पासिंग (8 वर्षांवरच्या मालगाडीला दरवर्षी), दुरुस्ती असे आठ-साडेआठ हजार काढा, कारण ते निघतातच, फक्त तुम्ही ते वेगळे लिहीत नाही. राहिले 31-32. तुमच्या जागी ड्रायव्हर ठेवला असता तर 18 हजार पगार दिला असता, तो काढा. गाडीची स्वतःची कमाई तेरा-चौदा हजार. साडेसतराचा हप्ता गाडी भरूच शकत नाही, तो तुमच्या पगारातून जाणार. नव्या गाडीला दुरुस्ती कमी लागेल हे मान्य, दोन-तीन हजार वाचतील. "नवी गाडी दिसली की कंपनीचं काम मिळेल" हे वाक्य मी सोडून देतो, काम मिळाल्याचं पत्र आधी आणा. आणि शोरूमवाला म्हणतोय जीएसटी कमी झालाय, हीच वेळ, तर मालगाड्यांचा दर 22 सप्टेंबर 2025 ला 28 वरून 18 वर आलाय, तो काही रविवारी संपणारा सेल नाही.

आता पॉलिसी. तुम्ही पहिल्या पानाचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत. बँकेतल्या मॅडमनी सांगितलं, वर्षाला 72 हजार भरा, पाच वर्षांत डबल, एफडीसारखंच आहे. हप्त्याहप्त्याने भरून पाच वर्षांत डबल म्हणजे वर्षाला जवळपास 24 टक्के झाले, असं खात्रीने देणारं जगात काही नाही, असतं तर बँकेने स्वतःचेच पैसे तिथे ठेवले असते. कागदावर 7 लाख 20 हजार हा आकडा आहे हे खरं. पण तो मृत्यूनंतर मिळणारा आकडा आहे, हप्त्याच्या दहापट. हयात असताना मिळायचे ते 14 लाख, पण 12 वर्षं हप्ते भरून, पंधराव्या वर्षाच्या शेवटी. परतावा पाच टक्क्यांच्या आसपास. हेच 72 हजार पीपीएफमध्ये टाकले असते तर 7.1 टक्क्यांनी, म्हणजे 2020 पासून चालू असलेल्या दराने, साधारण 17 लाख झाले असते. तीन लाखांचा फरक, आणि तो तुम्हाला कुणी सांगितला नाही कारण पीपीएफवर टार्गेट नसतं.

म्हणून मोडून टाका? थांबा, इथे बहुतेक जण घाई करतात. चार हप्ते झालेत, 2 लाख 88 हजार. तुमची पॉलिसी जुन्या नियमातली, चौथ्या ते सातव्या वर्षात मोडली तर भरलेल्याच्या निम्म्याची हमी, म्हणजे 1 लाख 44 हजार. ते आणि पुढचे आठ हप्ते पीपीएफला नेले तर अकरा वर्षांनी पावणेतेरा लाख होतात, पॉलिसी तशीच चालू ठेवली तर 14. म्हणजे मोडणं महाग आहे, जो काही तोटा व्हायचा तो आधीच होऊन गेलाय. तिसरा रस्ता पेड-अपचा. हप्ते बंद करायचे, पैसे आत राहू द्यायचे, मुदत संपल्यावर भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी रक्कम घ्यायची. महिन्याला 6 हजार मोकळे होतात आणि तोटाही जवळजवळ नाही, आकडा बरा मिळाला तर. किती मिळेल ते कंपनीकडून लेखी मागा, बँकेतल्या मॅडमकडून नको.

पण पेड-अप केलं की 7 लाख 20 हजाराचं कव्हरही तेवढंच घटतं, आणि खरं तर पत्र वाचताना मला इंजिनपेक्षा हीच काळजी वाटली. घरखर्च 22 हजार, म्हणजे वर्षाला 2 लाख 60 हजारांच्या पुढे. रात्री-बेरात्री घाटात गाडी चालवणारा घरातला एकटा कमावता माणूस, आणि तो गेला तर घराला पावणेतीन वर्षं पुरेल एवढंच कव्हर. 72 हजार भरून! टर्म प्लॅन घ्या, साधा, पैसे परत न मिळणारा. आयुर्विम्याच्या हप्त्यावर आता जीएसटीही नाही.

यात अडचण येईल ती तुमच्या इन्कम टॅक्स रिटर्नची. रिटर्न भरणारा एजंट 44एई खाली, म्हणजे मालगाडीमागे ठरावीक उत्पन्न धरायच्या कलमाखाली, महिन्याला साडेसात हजार धरून वर्षाचे 90 हजार दाखवतो. विमा कंपनी उत्पन्नाच्या पटीत कव्हर देते, 90 हजारावर वीस-बावीस लाख मिळाले तरी पुष्कळ. खरं उत्पन्न पावणेचार लाख आहे, आणि जास्त दाखवायची मुभा त्याच कलमात आहे. नव्या करपद्धतीत 2025-26 पासून 4 लाखांपर्यंत कर नाही आणि सूट धरून 12 लाखांपर्यंत शून्य. मग उत्पन्न लपवून वाचवलं काय? पुढचं रिटर्न खऱ्या आकड्याचं भरा. आत्ता मिळेल तेवढं टर्म घ्या, दोन रिटर्न झाली की वाढवा. तोपर्यंत गाडीच्या विम्यात मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कव्हर आहे का ते आजच बघा, हप्ता कमी दाखवायला बरेच जण ते उडवतात, काही शे रुपयांचा मामला आहे.

तर क्रम असा धरा, या आठवड्यात गाडीच्या टेस्ट, सोबत टर्मचा अर्ज, आणि टर्म हातात आल्याशिवाय पॉलिसीला हात लावायचा नाही. पाचवा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, ग्रेस पिरियड, म्हणजे हप्ता उशिरा भरायची सवलत, तीस दिवसांचा असतो, तेवढा वापरा. पेड-अपचा आकडा सव्वाचार लाखांच्या आसपास किंवा वर आला तर हप्ते बंद करा (ते आठ हप्ते पीपीएफला टाकले तर दोन्ही मिळून पॉलिसीच्या 14 लाखांची बरोबरी होते), बराच खाली आला तर दात-ओठ खात का होईना पॉलिसी चालू ठेवा. आकडा आला की कळवा.